सातबारा स्वच्छ होता, मालक हयात नव्हता

तालुक्याच्या गावात बांधकाम व्यवसाय करणाऱ्या माझ्या यजमानांची जमिनीच्या व्यवहारात अकरा लाख रुपयांची फसवणूक झाली. तक्रारीचा तपास चालू असल्यामुळे संबंधितांची नावे मी लिहीत नाही. परंतु ज्या रीतीने हे घडवून आणले गेले, ती रीत आमच्या सातारा जिल्ह्यात आणखी कोणावर वापरली जाऊ नये, म्हणून सर्व तपशील मांडत आहे. व्यवसायाचे हिशेब मीच ठेवते, त्यामुळे यातला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेलेला आहे.

यजमान मोठे विकसक नाहीत. तरुणपणी त्यांनी एका गवंड्याच्या हाताखाली काम शिकून घेतले, पुढे मजुरीच्या दराने लोकांची घरे बांधून दिली आणि गावात विश्वास बसल्यावर साहित्यासह कामे घ्यायला सुरुवात केली. आमच्यासारख्यांच्या व्यवसायात पैसा कधीच स्वस्थ बसलेला नसतो. सळई आणि सिमेंट दुकानदार उधारीवर देतो, खडी आणि क्रश सँडची बिले महिनाअखेरीला येतात, सेंट्रिंगवाल्याला स्लॅब पडल्याबरोबर पैसे लागतात आणि मजुरांचा पगार बाजाराच्या दिवशी दुपारच्या आत वाटावाच लागतो, कारण त्यावर त्यांच्या घरचा आठवड्याचा बाजार व्हायचा असतो. अशा धंद्यातून अकरा लाख रुपये निघून गेले, की त्याची झळ एका घरापुरती राहत नाही.

ज्या जमिनीबद्दल हा व्यवहार झाला, ती गावाला लागून, रहिवास विभागात येणारी होती. मूळ मालक पूर्वी वाशीच्या बाजारात माथाडी कामगार होते आणि त्यांचे कुटुंब कोपरखैरणे येथे स्थायिक झालेले आहे. आमच्या भागातली अशी शेकडो कुटुंबे नवी मुंबईत आहेत. जमीन इकडे, माणसे तिकडे, आणि गावी येणे यात्रेपुरते. फसवणूक करणारे नेमक्या अशाच जमिनी हेरतात. ज्याच्या घराला वर्षानुवर्षे कुलूप आहे आणि ज्याच्या भाऊबंदांत बोलणे राहिलेले नाही, त्याच्या जमिनीची चौकशी करायला दारात कोणी येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मध्यस्थ गावातलाच होता. यजमानांना तो शेठ म्हणे आणि मला वहिनी; घरी आला की मुलांच्या परीक्षांचीही चौकशी करी. त्याने मालकाचा पुतण्या म्हणून एका इसमाला पुढे केले आणि त्याच्या नावाचे, नोटरीसमोर केलेले कुलमुखत्यारपत्र दाखवले. मुखत्यारपत्रात जमीन विकण्याचा, मोबदला स्वीकारण्याचा आणि पावती देण्याचा असे सर्व अधिकार लिहिलेले होते. सातबारा आम्ही स्वतः डिजिटल स्वाक्षरीचा काढला. तो पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला सर्वसाधारणपणे सरकारी परवानगी लागत नाही अशी जमीन), इतर हक्कात कोणाचे नाव नाही, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलांनी घेतला, त्यातही काही निघाले नाही. कागद पाहणाऱ्या कोणालाही ही जमीन निर्वेधच वाटली असती.

कागदावर न दिसणारी गोष्ट एवढीच होती, की सातबाऱ्यावर ज्यांचे नाव होते ते गृहस्थ त्यापूर्वीच वारले होते. वारसांनी मृत्यूची खबर तलाठी कार्यालयात दिली नाही, तर वारस नोंदीचा फेरफार होत नाही आणि मृत माणसाचे नाव सातबाऱ्यावर तसेच राहते. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, पण मालक आज हयात आहे की नाही, हे तो सांगत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकारही सर्वसाधारणपणे संपतो. त्या मुखत्यारपत्रावरची सही खरी आहे की बनावट, हे हस्ताक्षरतज्ज्ञ ठरवतील. ती खरी निघाली तरी आम्हाला दाखवले त्या दिवशी तो कागद निर्जीव झालेला होता.

यानंतर घाई सुरू झाली. पुण्याचे गिऱ्हाईक वाढीव भाव घेऊन आले आहे, आठवडाभरात विसार न दिल्यास जमीन हातची जाईल, आणि आधी वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर नोटीस दिली तर भाऊबंद जागे होऊन भाव वाढवतील, असे मध्यस्थ रोज सांगू लागला. त्यामुळे क्रम उलटा झाला. विसार आधी आणि नोटीस नंतर. आठ लाख रुपये आरटीजीएसने मुखत्याराच्या खात्यात गेले आणि तीन लाख रुपये त्यांनी बहिणींना समजावण्यासाठी म्हणून रोख मागून घेतले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केलेली आहे आणि दंड स्वीकारणाऱ्याला होतो. जो विक्रेता रोखीचा आग्रह धरतो, त्याला मागे पुरावा राहू द्यायचा नाही, असेच समजावे. विसारपावती नोटरीसमोर झाली.

या सर्व प्रकाराचे मर्म या नोटरीच्या कागदात आहे आणि वाचणाऱ्यांनी याच ठिकाणी थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. नोटरी पाहतो ते सही करणारा कोण आहे आणि सही त्याचीच आहे का. जमिनीची मालकी तपासणे हे त्याचे काम नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोटरीकडे झालेली विसारपावती दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीत, येत नाही, म्हणजेच ती कोणत्याही शोधात सापडत नाही. म्हणून एकाच जमिनीचा विसार एका महिन्यात पाच जणांकडून घेतला, तरी पहिल्याची खबर पाचव्याला लागत नाही. आमच्या बाबतीत नेमके तसेच झाले. जाहीर नोटीस छापून येताच शेजारच्या तालुक्यातील एका बांधकाम व्यावसायिकाने आपली विसारपावती घेऊन हरकत नोंदवली; तिच्यावर तोच मुखत्यार आणि तोच गट क्रमांक होता. पाठोपाठ कोपरखैरण्याहून मूळ मालकांच्या मुलीचा दूरध्वनी वकिलांना आला. वडील जाऊन बराच काळ लोटला आहे, असे सांगून त्यांनी मृत्यूचा दाखला पाठवला. आपल्या वडिलांच्या नावावर कोणी पैसे गोळा करत आहे, हे ऐकून त्या दूरध्वनीवरच रडू लागल्या.

नोंदणीकृत साठेखताचा, म्हणजे जमीन विकण्याच्या नोंदवलेल्या कराराचा, आग्रह धरला, की अशा टोळ्यांची अडचण होते. नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यायचे तर देणाऱ्याला दुय्यम निबंधकासमोर स्वतः छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो, आणि मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना अधिकार देणारी व्यक्ती हयात असल्याचे घोषणापत्र मुखत्याराकडून घेतले जाते. त्यांना तिथपर्यंत पोहोचायचेच नसते. आमचा मध्यस्थही मुद्रांक शुल्क वाचवण्याची भाषा करून साठेखताचा विषय प्रत्येक वेळी पुढे ढकलत राहिला. आता यजमान व्यवहाराचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच मालकाच्या राहत्या घरी जाऊन त्यांना भेटतात, आठ-अ (खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार पाहतात, बहिणी किती व त्यांचे हक्कसोडपत्र नोंदलेले आहे का हे विचारतात, आणि रक्कम केवळ मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यात भरतात.

दुसरा फटका पैसे परत मागताना बसला आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून तेही लिहिते. आम्ही जाब विचारल्यावर मुखत्याराने पूर्ण रकमेचा धनादेश दिला. तो लगेच भरू नका, दिवाळीनंतर खात्यात पैसे येतील, तोवर दोन लाख रोख देतो, अशा विनवण्या सुरू झाल्या. या गोड बोलण्यामागे हिशेब असतो. धनादेश त्यावरील तारखेपासून तीनच महिने चालतो. तो न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. यातली एक मुदत गोड बोलून उलटवली, की न वटलेल्या धनादेशाबद्दल शिक्षा सांगणाऱ्या, चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चे हत्यार बोथट होते. वकिलांनी वेळेवर बजावल्यामुळे आम्ही धनादेश मुदतीत भरला. तो वटला नाही. नोटीस गेली आणि खटला दाखल झाला.

त्या हंगामात घराने काय सोसले, ते थोडक्यात सांगते. त्या जमिनीवरच्या इमारतीत सदनिका मिळेल म्हणून दोन कुटुंबांनी, एक निवृत्त शिक्षक आणि एक एसटीचे वाहक, यजमानांकडे थोडी रक्कम ठेवली होती. ती परत करण्यासाठी माझे दागिने सोनेतारण कर्जासाठी बँकेत गेले. मिक्सर मशीन विकले. चालू असलेल्या एका बंगल्याचे काम प्लिंथवर थांबले, पण एकाही बाजाराला मजुरांचा पगार चुकला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. यजमानांनी मात्र तो काळ फार मनाला लावून घेतला. फसवले गेलेल्या माणसाकडे गाव गुन्हेगारासारखे पाहते. ज्याने मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले तो चौकात उजळ माथ्याने बसतो आणि ज्याचे पैसे गेले तो मान खाली घालून जातो, ही रीत बदलली पाहिजे.

पोलिस ठाण्यात सुरुवातीला प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगण्यात आले. मालकाचा मृत्यूचा दाखला, त्यानंतरच्या तारखेची आमची विसारपावती आणि त्याच जमिनीची दुसऱ्या व्यावसायिकाची पावती, असे तीन कागद एकत्र ठेवल्यावर ही सुरुवातीपासूनची फसवणूक असल्याचे स्पष्ट झाले आणि गुन्हा नोंदवला गेला. मूळ पावत्या, आरटीजीएसचे तपशील आणि व्हॉट्सॲपवरील संदेश असलेला फोन आम्ही जपून ठेवला होता, त्याचा तपासात उपयोग झाला. कोपरखैरण्याच्या ताईंनी वारस नोंदीसाठी अर्ज केला आणि त्यांची व त्यांच्या भावंडांची नावे आता सातबाऱ्यावर आली आहेत. या मध्यस्थामार्फत विसार दिलेले आणखी कोणी असतील, तर त्यांनी संकोच न करता आपली पावती घेऊन तपास अधिकाऱ्यांना भेटावे. जितक्या पावत्या पुढे येतील, तितका गुन्हा सिद्ध करणे सोपे जाईल.