इन्स्टाग्रामवरचा ‘कोकणी किचन’ संच: एकेक वस्तू तपासून

‘कोकणी किचन’, ‘आजीचं कोकण’ अशा नावांनी इन्स्टाग्रामवर जे तयार संच विकले जातात, त्यात थोड्याफार फरकाने ह्याच वस्तू असतात: मातीची छोटी तवली (कालवणाचं भांडं), करवंटीची डवली (वाढायचा डाव), तांब्याचे दोन पेले, आमसुलांचं पाकीट, गंजिफाच्या, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या, चित्रांचे कोस्टर (कपाखालच्या चकत्या) आणि सुरंगीच्या फुलाच्या नावाची मेणबत्ती. खोका देखणा असतो, आत पेंढा, वर सुतळी. पण स्वयंपाकासाठी घेणार असाल तर यातली आमसुलं तेवढी कामाची, तीही पाकिटावरचं लेबल धड असेल तर. अख्खा संच घेऊ नका.

ही टूम कोकणातली नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ‘कॉटेजकोअर’ टिकटॉकवर पसरलं: खेड्यातलं घर, घरी भाजलेला पाव, लिननचे कपडे. २०२२ मध्ये ‘कोस्टल ग्रँडमदर’ आलं, म्हणजे अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या बंगल्यातली पांढरी-बदामी सजावट. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आल्या, आणि त्याच साच्यात आपापला मुलूख भरून विकणं सुरू झालं. पद्धत ठरलेली आहे. आधी रंग ठरतात, मग त्या रंगात शोभणाऱ्या वस्तू, मग त्यांच्या लिंका. वस्तू कशासाठी आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून संचातली तवली बदामी असते आणि तिच्यावर पांढरी वारली चित्रं असतात. वारली चित्रकला पालघर-डहाणूकडची. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची. मालवणी म्हणून विकलेल्या भांड्यावर ती ॲक्रिलिक रंगात आणून बसवण्याचं कारण इतकंच, की फोटोत ती लगेच ओळखू येते. सिंधुदुर्गाची स्वतःची चित्रपरंपरा पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगणं. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या खोक्यांत तिचा मागमूस नसतो.

तवलीचं नीट पाहू, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. ॲक्रिलिक रंग आचेवर करपतो, त्याचा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास सुटतो आणि तो मातीची छिद्रंही बुजवतो. आतून चकचकीत झिलई असेल तर ती तवली जेवणासाठी वापरूच नका. झिलईत शिसं असू शकतं, आणि कोकम, चिंच, कैरी यांच्या आंबटपणाने ते कालवणात उतरतं. माशाच्या कालवणात यातलं एक तरी असतंच. तवली आठवडी बाजारात किंवा कुंभाराकडे जाऊनच घ्या: आतबाहेर कोरी, बोटाच्या पेराने वाजवली की खणखणीत आवाज देणारी. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. गोल बुडाची तवली चुलीच्या तीन दगडांवर बसते, गॅसवर डुगडुगते. गॅससाठी सपाट बुडाची घ्या किंवा बर्नरवर लोखंडी जाळी ठेवा.

आणल्याबरोबर आचेवर चढवू नका. २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत निथळू द्या. आतून खोबरेल चोळा, तांदळाची पातळ पेज पाऊण तवली भरून घाला आणि मंद आचेवर अर्धा तास उकळून तिच्यातच गार होऊ द्या. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो आणि पाझर थांबतो. पहिल्या दिवशी बाहेरून ओल दिसली तर घाबरू नका, तिसऱ्या दिवशीही दिसली तर पेज पुन्हा उकळा. तवली फुटते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: रिकामी मोठ्या आचेवर ठेवल्याने, किंवा तापलेल्या तवलीत गार पाणी ओतल्याने. साबण लावू नका, माती तो पिते. राख आणि नारळाचं सोडण, वर कढत पाणी, एवढं पुरतं. माती आच धरून ठेवते, म्हणून बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण मासा शिजायच्या दोन-तीन मिनिटं आधीच उतरवा, नाहीतर मासा आतल्या आत जास्त शिजून तुटतो.

तांब्याचे पेले हा संचातला सर्वांत चुकीचा भाग. गुलाबी सोलकढी आणि तांब्याचा लालसर रंग एका चौकटीत छान दिसतात, तेवढ्यासाठी ही जोडी जुळवली आहे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवत नाहीत, कारण तो कळकतो: धातू उतरतो, चव तुरट-कडू होते, कधी हिरवट झाक दिसते, पोटात ढवळतं. कल्हई म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. भांडं तापवून त्यावर नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाने थर सगळीकडे फिरवायचा. आतून तांबूस रंग दिसू लागला की कल्हई पुन्हा करायची. संचातल्या पेल्यांना कल्हई नसते, उलट काळे पडू नयेत म्हणून बऱ्याचदा पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. ओळखायला लिंबाची फोड मिठात बुडवून एका जागी घासा. उघडं तांबं तिथल्या तिथे उजळतं, लॅकर असेल तर काही फरक पडत नाही. सोलकढी काचेच्या, स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातच ठेवा.

डवलीत पाहायचा तो दांडा. चांगल्या डवलीत करवंटीच्या काठाखाली समोरासमोर दोन भोकं असतात आणि बांबूचा किंवा पोफळीचा तासलेला दांडा दोन्हींतून घट्ट ठोकलेला असतो. खिळा नाही, गोंद नाही. संचातली डवली बहुधा स्क्रूने नाहीतर गोंदाने जोडलेली असते. स्क्रू गंजतो, गोंद आमटीच्या वाफेने सुटतो, आणि वरचं वॉर्निश काही दिवसांत पापुद्रे धरतं. डोळ्यांकडची अर्धी करवंटी वापरली असेल तर घेऊ नका, मऊ डोळ्यातून गळतं. कोरी डवली पॉलिशपेपरने घासून खोबरेल लावायचं. रात्रभर पाण्यात टाकायची नाही, उन्हात वाळवायची नाही, तडकते.

कोस्टरबद्दल वाईट वाटतं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप, हाताने काढलेली चित्रं, शेवटी लाख. ही कला संपत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. संचातला कोस्टर म्हणजे त्यातलंच एखादं पान एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर, छापलेलं, चहाचा कप ठेवला की फुगणारं. बनवणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. गंजिफा हवी असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवलेली मिळते. ती महाग आहे आणि तिची किंमत तेवढीच असायला हवी.

मेणबत्तीला सुरंगीचा वास नसतो, व्हॅनिलाचा असतो. सुरंगी उन्हाळ्याच्या तोंडावर थोडेच दिवस फुलते, तेव्हा वेंगुर्ले-सावंतवाडीकडे तिचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात.

आमसुलं मात्र बघून घ्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चांगलं आमसूल काळसर जांभळं, मऊ, थोडं चिकट असतं, कारण सालीला कोकमाच्याच रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा उन्हात वाळवलेलं असतं. कोमट पाण्यात टाकलं की रंग हळूहळू सुटतो. टाकल्याबरोबर पाणी भडक लाल झालं तर रंग घातलेला असू शकतो. चौघांच्या सोलकढीला १०-१२ आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, एका नारळाचं दूध काढा, कोकमाचं पाणी पूर्ण गार झाल्यावरच दुधात मिसळा. गरम असेल तर दूध फाटतं. रंग फिका गुलाबी येतो. रील्समधल्या झगझगीत गुलाबीत बहुधा बीट असतं, ते पाहून आपली सोलकढी चुकली असं समजू नका.

पाकिटावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता आणि पॅकिंगची तारीख पाहिजे. नुसतं पेजचं नाव आणि ‘डीएम करा’ असेल तर पैसे पाठवू नका. पैसे गेले आणि विक्रेता उत्तर देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

संच आधीच घरात आला असेल तर रंगवलेल्या तवलीत कांदे-लसूण ठेवा. पेल्यांना आतून लॅकर नसेल तर साध्या पाण्याला वापरा. डवलीचा स्क्रू काढून तिथे बांबूचा दांडा ठोकून घ्या, वॉर्निश पूर्ण खरवडा आणि मगच ती आमटीत घाला.