नाताळची रोषणाई कधी उतरवावी: 2 जानेवारी, 6 जानेवारी की 2 फेब्रुवारी?

वसई, वांद्रे किंवा गोव्यातल्या घरांपुढे रोषणाई उतरवायला तीन तारखा असतात: नवीन वर्षाची सुट्टी संपली की 2 जानेवारी, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाचा 6 जानेवारी, आणि नाताळपासूनचा चाळिसावा दिवस, म्हणजे 2 फेब्रुवारी.

घरापुढे टांगलेल्या कागदी ताऱ्यासाठी 6 जानेवारीच योग्य. त्या दिवशी गोव्यात रेईश मागूश, चांदोर आणि कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं. राजे ताऱ्याच्या मागोमाग आले, मग ते पोचण्याआधीच तारा काढण्यात अर्थ नाही. चर्चच्या पंचांगात नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण 6 जानेवारीनंतरच्या रविवारपर्यंत चालतो, त्यामुळे कामाच्या दिवशी जमलं नाही तर त्या रविवारी उतरवा.

बाहेरच्या माळांचं मात्र वेगळं. बाजारातल्या बहुतेक स्वस्त एलईडी माळा घरात लावण्यासाठी असतात. किनाऱ्यावर जानेवारीत रात्री दव पडतं, हवेत खार असतो, आणि दिव्याच्या बारीक पायांना गंज चढतो. दिवे एकामागून एक जोडलेले असल्याने एक पाय तुटला की तो अख्खा तुकडा विझतो. अशा माळा झाडावर किंवा उघड्या गॅलरीत असतील तर 2 जानेवारीलाच काढा. त्या छपराखाली असतील किंवा खोक्यावर बाहेर वापरायची परवानगी छापलेली असेल, तर 6 तारखेपर्यंत राहू द्या. 2 फेब्रुवारीपर्यंत फक्त घरातला गोठा (येशूजन्माचा देखावा) ठेवावा. वर्षभर माळा तशाच ठेवण्याचा विचार सोडून द्या: उन्हाने वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि पहिल्या पावसात त्याच तड्यांतून पाणी शिरतं.

स्वतः उतरवायचं की इलेक्ट्रिशियन बोलवायचा, हे उंचीवर ठरवा. तळमजल्याच्या वळचणीपर्यंत स्वतः करता येतं, पण शिडी नीट लावा: ती 12 फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून 3 फूट लांब हवा, आणि खाली धरायला एक माणूस हवाच. त्याहून वर, किंवा माडाला गुंडाळलेली माळ असेल, तर पैसे खर्च करा. माडावरची माळ खालून ओढायची नाही. खोडाच्या खरखरीत वळ्यांवर आवरण सोलवटतं. वरून वेढा उलगडतच खाली यायचं.

उतरवण्याआधी माळ एकदा पेटवून बघा आणि विझलेल्या तुकड्यावर चिकटपट्टी लावा. मग पिन सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) जोडलेलं असेल तर माळेत वीज राहतेच, आणि अ‍ॅडॅप्टर नसलेल्या माळेत ती थेट 230 व्होल्टची असते. प्लॅस्टिकचे टाय ब्लेडने न कापता छोट्या कटरने कापा. ब्लेड हमखास वायरला लागतं. सुरुवात पिनेच्या विरुद्ध टोकाकडून करा.

गुंडाळायला तीन रीती. हातावर वेटोळं करणं सगळ्यात झटपट, पण पुढच्या डिसेंबरात गुंता सोडवताना पाय तुटतात. बादलीत सैल सोडलेली माळ गुंतत नाही, पण जागा फार खाते. आमची पसंती पुठ्ठ्याला: फूटभर लांब, आठ इंच रुंद, दोन्ही टोकांना खाच. 10 मीटरची माळ त्यावर साधारण सोळा वेढ्यांत बसते. वेढे सैल ठेवा, एका पुठ्ठ्यावर एकच माळ, आणि पिन बाहेर लोंबती राहू द्या. ती आत गेली तर पुढच्या वर्षी लावण्याआधी तपासायला सगळं उलगडावं लागतं.

ठेवण्याआधी माळा एक दिवस सावलीत पसरून पूर्ण वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा चांगला. पिशवीत पावसाळ्यातला ओलावा कोंडतो, शिवाय उंदीर पिशवी आणि वायर दोन्ही कुरतडतात. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. ताऱ्यातला बल्ब आणि होल्डर काढून वेगळे ठेवा. त्यांच्या वजनाने कागद फाटतो आणि कामट्यांचे सांधे ढिले होतात. सेलवर चालणाऱ्या माळांतले सेल काढायला विसरू नका, ते पाझरले की डबीतल्या पट्ट्या खातात.