एका घरात दोन गर्भारपणं : ताट एकच का नसावं

मागच्या वर्षी इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या घरात एकाच वेळी दोघी पोटुशी होत्या. एक माझी धाकटी जाऊ. दुसरी नणंद, तिचे यजमान बाहेरगावी नोकरीला म्हणून ती पाचव्या महिन्यापासून इथेच राहिली. दोघींच्या तारखांत तीन आठवड्यांचं अंतर. सासूबाईंना आकाश ठेंगणं झालं होतं. दोघींच्या ताटात त्या अगदी सारखं वाढायच्या: पोळीवर तुपाची धार, बाजूला डिंकाचा लाडू, आणि वर "आता दोघांचं खायचंय गं."

जाऊ उंचीने १५२ सेंटिमीटर, दिवस जाण्याआधी वजन ४२ किलो. नणंद १५८ सेंटिमीटर आणि ६८ किलो. या दोघींना एकच ताट चालणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, कारण माझ्या पहिल्या खेपेला मी दोघांचं खाऊन १९ किलो वाढले होते. ते उतरायला तीन वर्षं लागली. म्हणून या वेळी मी जरा आग्रहाने मध्ये पडले. तुमच्याही घरात सध्या "भरपूर खा" आणि "वजन सांभाळा" ही दोन्ही वाक्यं एकदमच कानावर पडत असतील, तर या दोघींचा हिशेब शेजारी शेजारी ठेवून बघा.

आधी तुमचा आकडा कोणता, ते बघा

किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. वजन दिवस जाण्याआधीचं घ्यायचं, आजचं नाही. जाऊचा आला १८.२ आणि नणंदेचा २७.२. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा डॉक्टर अजूनही वापरतात. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढावं, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६. २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या पुढे असेल तर ५ ते ९. जुळं असेल तर हे आकडे लागू होत नाहीत. आपल्याकडे वजन जास्त धरायला २३ पासूनच सुरुवात होते, कारण त्याच बीएमआयला भारतीय अंगावर चरबी जास्त असते. त्यामुळे नणंदेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ८ किलोच्या आसपास राहायला सांगितलं. जाऊला सांगितलं, १२ च्या खाली राहू नकोस.

म्हणजे एकीने जिथे थांबायचं, तिथून दुसरीला अजून चार किलो पुढे जायचं होतं. "दोघांचं खा" हा सल्ला एकीला जास्त पडत होता. आणि जाऊ तो ऐकून मान डोलवायची, पण खायची मात्र चिमणीएवढं, कारण बाळ मोठं झालं तर सिझर होईल ही भीती तिच्या मनात कुणीतरी भरली होती. कमी खाल्ल्याने प्रसूती सोपी होत नाही. बाळ अडीच किलोच्या खाली जन्मलं तर त्याचीच पुढची वाट अवघड होते.

वाढलेलं वजन जातं कुठे, तेही तिला मांडून दाखवलं तेव्हा ती जरा सैलावली. बाळ तीनेक किलो, वार पाऊण किलोच्या आसपास, गर्भजल तेवढंच, गर्भाशय एक किलो, वाढलेलं रक्त आणि अंगातलं पाणी मिळून अडीच-तीन किलो, छातीचं अर्धा ते एक किलो, आणि बाकीची पुढे अंगावर पाजण्यासाठी साठवलेली चरबी. नणंदेजवळ हा शेवटचा साठा आधीच होता. तिच्या कमी आकड्यामागचं कारण एवढंच.

एक गोष्ट मात्र दोघींना सारखी लागू: वजन कितीही असो, गरोदरपणात ते उतरवण्याचं डाएट करायचं नाही. भात-पोळी बंद, फक्त सूप, रात्री उपाशी, असले तक्ते नणंदेच्या मोबाइलवर रोज येत होते. वाढ हळू ठेवणं निराळं आणि वजन घटवणं निराळं.

जास्तीचं म्हणजे नेमकं किती

पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ काहीच जास्त लागत नाही. जाऊचं तर उलट्यांनी दोन किलो उतरलं होतं. कोरडं, थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी खाऊन तिने ते दिवस काढले. चौथ्या महिन्यापासून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ३५० कॅलरी जास्त. एक वाटी मोडाची उसळ, एक पोळी आणि एक कप दूध, झाल्या साडेतीनशे. दुसरं अख्खं जेवण नव्हे. प्रथिनं मात्र बरीच वाढवावी लागतात: मधल्या तीन महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम, शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त.

इथेच आपल्या मराठी घरांचं ताट तोकडं पडतं. आपलं वरण पातळ. वाटीभर वरणात डाळ जेमतेम दोन चमचे. भाजी बटाट्याची, भात भरपूर, वर तूप-लिंबू. पोट भरतं, पण प्रथिनं येत नाहीत. आम्ही वरण घट्ट केलं. रोज एका वेळी मुगाची किंवा मटकीची उसळ, दुपारी वाटीभर घरचं दही, संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. जाऊच्या माहेरी अंडं चालतं, आमच्याकडे नाही. सासूबाईंनी वेगळं पातेलं काढून दिलं आणि रोज एक अंडं उकडू दिलं. त्यांनी माझ्या दोन खेपांना हे केलं नव्हतं, या खेपेला केलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. नणंद पूर्ण शाकाहारी, तिला पनीर आणि डाळी, आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ जीवनसत्त्व.

दुसरी अडचण ताटातली नव्हती, वेळेची होती. जाऊ सगळ्यांना वाढून दुपारी अडीच-तीनला जेवायची. सकाळच्या चहानंतर थेट तेव्हा. नणंद माहेरवाशीण, म्हणून पहिल्या पंगतीत. एकीचं वजन वाढेना आणि दुसरीचं थांबेना, याचं निम्मं कारण हेच होतं. सुनेने शेवटी जेवायचं हा रिवाज पोटुशीपुरता तरी मोडायलाच हवा. आम्ही तो मोडला. कुणाचंही काही बिघडलं नाही.

पोहे-जलेबी, लाडू, डबा

इंदुरात राहून सकाळी पोहे-जलेबी टाळा म्हणणं मला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. इथले पोहे वाफेवर ठेवलेले, तेल बेताचं. अडचण बाजूच्या जलेबीची आणि वर मूठभर पडणाऱ्या शेवेची आहे. बाजारचे उसळ-पोहे चवीला छान, पण तर्रीदार. जळजळ होणाऱ्या बाईने सहाव्या महिन्यानंतर तिकडे न वळलेलं बरं. आम्ही घरी तेच केलं: पोहे निम्मे, मोडाची उसळ निम्मी, वर लिंबू आणि चिमूटभर जीरावण, म्हणजे इथला पोह्यांवरचा मसाला. जाऊ त्यावर शेंगदाणे आणि शेव घ्यायची, नणंद काकडी-टोमॅटो. जलेबी जाऊला आठवड्यातून एकदा. नणंदेला सव्विसाव्या आठवड्यापर्यंत कधीमधी, नंतर अजिबात नाही; कारण पुढे येईलच.

डिंकाचा लाडू हे खरं तर बाळंतिणीचं खाणं. एका मोठ्या लाडवात तूप, गूळ, खारीक, खोबरं मिळून दोनशेच्या पुढे कॅलरी सहज जातात. जाऊला तो औषधासारखा लागू पडला, कारण तिला थोडक्या खाण्यात जास्त उष्मांक हवे होते. नणंदेला तोच लाडू म्हणजे दिवसाच्या जास्तीच्या हिश्श्यातला मोठा वाटा एका घासात संपवणं, तोही फारशा प्रथिनांशिवाय. रविवारच्या दाल-बाफल्यांचंही (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) तसंच: जाऊला तुपात बुडवलेले दोन, नणंदेला एक, तूप निथळून, आणि डाळ दोन वाट्या.

गर्भवतींसाठीच्या पावडरींचे डबे दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनी आणले. माझं स्पष्ट मत: उलट्यांनी अन्न टिकत नसेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच घ्या. एरवी डब्याच्या मागे शंभर ग्रॅमला साखर किती ते आधी वाचा. कपभर दूध आणि मूठभर फुटाणे यांतून बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि बरंच स्वस्तात.

रात्रीचा सराफा, म्हणजे इथला खाण्याचा बाजार, दोघींनी एकेकदाच केला. गराडू, म्हणजे तळलेला कंद, गरम कढईतून निघतो, त्याची काळजी कमी; भीती असते ती हिरव्या चटणीची, पाण्याची आणि कापून ठेवलेल्या फळांची. इथली दुधाची शिकंजी चवीला अप्रतिम, पण रक्तात साखर वाढलेल्या बाईने तिच्याकडे बघूही नये.

पपईवरून घरात वाद झाला. कच्ची पपई नको, हे बरोबर. पूर्ण पिकलेली थोडी खायला हरकत नाही. केशराने बाळ गोरं होत नाही.

बीट की गोळी

यात मला तडजोड मान्य नाही. जाऊचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं, गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लगेच बीट, गूळ, खजूर यांचा मारा सुरू झाला. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या एका गोळीत ते ६० मिलिग्रॅम असतं, बरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. रक्त कमी असेल तर किती, ते डॉक्टर ठरवतात. बीट जरूर खा, पण गोळीच्या जागी नाही. गोळीनंतर तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी, मध्ये किमान दोन तास ठेवून, कारण दोन्ही बरोबर घेतल्या की लोह कमी शोषलं जातं. जाऊला गोळीने मळमळायचं, शौचाला खडा व्हायचा. तिने सोडायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी ती रात्री झोपताना घ्यायला सांगितली आणि निभावलं. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते, २०१६ पासून. पैशाची अडचण असेल तर हा दिवस चुकवू नका.

साखर निघाली तेव्हा

नणंदेची पहिली तपासणी ठीक होती. सव्विसाव्या आठवड्यात पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, साखर १५२. १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. ती खूप रडली. तिला वाटलं, आपल्या खाण्याने बाळाला काहीतरी झालं. तसं नसतं. या दिवसांत वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि आपल्याकडच्या बायकांना हा धोका मुळातच जास्त.

दोन आठवडे आहारावर काढायचे होते. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली राहिली तर औषध लागणार नव्हतं. तिच्या ताटात निम्म्या भाज्या आणि कोशिंबीर, पाव हिस्सा उसळ किंवा पनीर, पाव हिस्सा दोन लहान पोळ्या किंवा भाकरी. भात बंद केला नाही, वाटीभर ठेवला. साखरेच्या जागी गूळही नाही, कारण रक्तात दोन्ही साखरच. दिवसाची तीन मोठी जेवणं मोडून सहा लहान केली. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीतच चालणं, बोलता येईल एवढ्याच वेगाने. फरशी पुसून प्रसूती सोपी होते म्हणणाऱ्या शेजारणींना मी एवढंच सांगितलं, की चालण्याचा उपयोग साखरेच्या यंत्रावर दिसतो. तिचं औषध टळलं. तुमचं टळलं नाही तर त्यात तुमची चूक नाही. इन्सुलिन लागलं तर घ्यायचं.

त्यातच चातुर्मास आला. दोघींना उपास करायचा होता. निर्जळी आणि दिवसभराचा कडक उपास मी करू दिला नाही. जाऊने एकादशीला राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी खाल्ली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. नणंदेने त्याऐवजी ताक, पनीर आणि भोपळ्याची भाजी घेतली. डोहाळजेवणात दोघींची ओटी एकाच पाटावर भरली. नणंदेच्या वाटीत बर्फी-पेढ्याऐवजी मोसमी फळं आणि खारे शेंगदाणे होते. फोटोत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

वजन दोघी दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर, काही खाण्याआधी करायच्या. मधल्या महिन्यांपासून जाऊचं आठवड्याला साधारण अर्धा किलो, नणंदेचं पाव किलोच्या थोडं वर. एखाद्या आठवड्यात एकदम किलोभर चढलं, बरोबर चेहरा-हात सुजले, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे धूसर झालं, तर ते खाण्याचं वजन समजू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

जाऊ १३ किलो वाढली, मुलगी २ किलो ८०० ग्रॅमची. नणंद साडेआठ, मुलगा ३ किलो १००. बाळंतपणानंतर सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचे दोन डबे भरले. जाऊचा डबा पंधरा दिवसांत संपला. नणंदेचा डबा मी वर फळीवर ठेवला, सहा आठवड्यांनी तिची ग्लुकोजची तपासणी पुन्हा होईपर्यंत. ही तपासणी बाळाच्या गडबडीत बहुतेक जणी विसरतात. तिची तारीख आम्ही बाळाच्या लसीच्या कार्डावरच लिहून ठेवली होती.