तत्त्व धरायचं की कुंपणावरची मतं?

ग्रामपंचायतीला पहिल्यांदा अर्ज भरणारी आमच्या चोपडा तालुक्यातली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. मी एकाच वॉर्डात दोन्ही करून पाहिलंय. तुमच्या गावचं गणित वेगळं असेल; मी माझ्या गावचं सांगतो.

पहिल्या वेळी एकच मुद्दा धरला: गावाच्या पिण्याच्या विहिरीजवळ नवे बोअर नकोत. सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, ही अट 1993 च्या भूजल कायद्यातच होती. ती घरोघर सांगितली, केळीवाल्यांच्या ओट्यावरही. केळीला बारमाही पाणी लागतं, ते नाराज होणारच. 23 मतांनी पडलो.

दुसऱ्या वेळी पॅनलवाल्यांनी समजावलं, ‘बांधलेली मतं हलत नाहीत. कुंपणावरच्यांना दुखवू नको.’ त्यांचा हिशेब चूक नव्हता. 2024 ला धुळे लोकसभेचा निकाल 3,831 मतांनी लागला. एवढ्याशा फरकावर खासदार ठरतो, तर मधल्या माणसाला कोण दुखवेल? मी खालच्या गल्लीत ‘पाण्याचं बघू’ म्हणालो, मळ्यात ‘तुमचंही बघू’. निवडून आलो.

पुढे जे झालं त्याचा त्रास अजून जात नाही. मे महिना, नळाला चौथ्या दिवशी पाणी. ग्रामसभेत बोअरबंदीचा ठराव आला. बाया रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. केळीवाले मागे भिंतीला टेकून उभे. दोघांकडे माझा शब्द होता, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. खालच्या गल्लीतले एक नाना उठले. मतदानाआधी त्यांच्याच घरी मी चहा घेतला होता. म्हणाले, ‘भाऊ, तू आमना शे का त्यासना?’

मी समोरचा कागद सारखा करत बसलो. शेवटी हात ठरावाच्या बाजूने वर केला. केळीवाले म्हणाले फसवलं. खालच्या गल्लीने मानलं की बायांना भिऊन केलं. पहिल्या वेळी पडलो तेव्हा विरोधात मत दिलेली माणसंसुद्धा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची, भांडायची. निवडून आल्यावर ती येईनाशी झाली. माझ्याशी भांडायला माझं म्हणणं काय ते तरी कळायला हवं ना.

मतं वाढवूच नयेत असं मी म्हणत नाही. 1957 ला धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर गेले. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत जनसंघ, समाजवादी, कम्युनिस्ट एकत्र होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष! पण मागणी एकच होती, मुंबईसह महाराष्ट्र, आणि ती कोणत्याही गल्लीत बदलत नव्हती. असं लोक जोडणं मला पटतं.

वॉर्डात खरा मुद्दाच नसेल, नुसती भाऊबंदकी असेल, तर मधला रस्ता धरा; तिथे दोन्ही घरांशी गोड बोलण्याने कोणाचं पाणी तुटत नाही. पाणी, रस्ता, गावठाणाची जागा असा प्रश्न असेल तर मात्र अर्ज भरण्याआधीच बाजू सांगून टाकावी, असं मला वाटतं.

मी पुन्हा उभा राहतोय. पत्रक छापायला दिलंय, पहिल्या ओळीत 500 मीटर आहे. वाटायला सुरुवात मळ्यापासून करणार आहे.