वेळ संपली, समोर नुसता घोडा: हार की बरोबरी?

पटावर तुमचा राजा आणि हत्ती, समोर राजा आणि घोडा. एरवी जिंकायचे असेल तर तुम्हीच जिंकाल, पण तुमचे घड्याळ शून्यावर येते. चेस.कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ही बरोबरी. लिचेस या दुसऱ्या संकेतस्थळावर आणि फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनी चालणाऱ्या रेटिंग (गुणांकन) स्पर्धेत मात्र तुम्ही हरलात. ऑनलाइन सरावावर पहिली रेटिंग स्पर्धा खेळायला निघालेल्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

फिडेच्या कलम ६.९ नुसार वेळ संपली की डाव गेला. बरोबरी केव्हा, तर नियमात बसणाऱ्या कोणत्याही चालींनी प्रतिस्पर्ध्याला मात करताच येत नसेल तेव्हाच. या ‘कोणत्याही’मध्ये तुम्ही कधीच खेळणार नाही अशा चालीही येतात. तुमचा राजा ए१, हत्ती ए२, समोरचा राजा सी१ आणि घोडा बी३ वर असेल (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, अंक म्हणजे आडवी) तर मात आहे. तुमच्याच हत्तीने तुमच्या राजाची वाट अडवली. हत्तीऐवजी वजीर असता तर बरोबरी मिळाली असती, कारण राजाला खेटून बसलेला वजीर शह देणाऱ्या घोड्याला मारूच शकतो. समोर घोड्याऐवजी एकटा उंट असेल, तर तुमच्या एकट्या हत्तीविरुद्धही तो मात करू शकत नाही, म्हणून बरोबरी.

२००८ च्या नालचिकमधल्या महिला विश्वविजेतेपद स्पर्धेत मोनिका सोको आणि सबिना फोइशोर यांच्या निर्णायक डावात दोघींकडे राजा आणि एकेक घोडाच उरला होता. फोइशोरची वेळ संपली. पंचांनी आधी बरोबरी दिली, सोकोने दाद मागितली आणि निर्णय फिरला. घोड्याविरुद्ध घोड्याने मात होऊ शकते का, एवढाच प्रश्न होता, आणि ती होऊ शकते.

चेस.कॉम सोंगट्या मोजते. समोर एकटा राजा, किंवा राजासोबत एकच उंट किंवा एकच घोडा असेल तर तुमच्याकडे काहीही असो, वेळ संपल्यावर बरोबरी. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण हा पट मांडून पाहा: काळा राजा ए१, काळे प्यादे ए३; पांढरा राजा सी१, घोडा बी४. चाल काळ्याची. प्यादे ए२ वर नेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही आणि लगेच घोडा सी२ वर येऊन मात. चेस.कॉमवर काळ्याने हात बांधून वेळ संपू दिली तर त्याला अर्धा गुण मिळतो. हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकन बुद्धिबळ महासंघाचा नियमही सोंगट्याच मोजतो, पण प्रतिस्पर्ध्याकडे असा न टाळता येणारा विजय असेल तर बरोबरी देत नाही. मोजायचेच तर असे मोजावे.

लिचेस फिडेच्या जवळ आहे, तंतोतंत नाही. प्याद्यांची भिंत पक्की अडकली असून कुणालाच आत शिरता येत नाही, अशा स्थितीत फिडेच्या नियमांनी पंच बरोबरी देतील. लिचेस मात्र शंका असेल तिथे वेळ शिल्लक असलेल्याच्या बाजूने निकाल देते.

रेटिंग स्पर्धेची तयारी असेल तर शेवटच्या टप्प्याचा सराव लिचेसवर करा. घोडा किंवा उंट उरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर वेळ कमी असेल, तर तो मोहरा मारून टाकण्याची संधी शोधा, त्यासाठी हत्ती द्यावा लागला तरी. दोन उघडे राजे उरले की डाव तिथेच बरोबरीत संपतो. नुसत्या विरंगुळ्यासाठी खेळत असाल तर चेस.कॉमचा नियम पुरतो, लक्षात ठेवायलाही सोपा.

सोसायटीची किंवा शाळेची स्पर्धा भरवणाऱ्यांनी फिडेचाच नियम घ्यावा आणि दर चालीला घड्याळात दोन-तीन सेकंदांची वाढ द्यावी. असे बहुतेक वाद मग उद्भवतच नाहीत. वाढ नसलेल्या स्पर्धेत उतरणार असाल तर फिडेची तिसरी मार्गदर्शक सूचना लागू आहे का, हे आधीच विचारा. लागू असेल तर क्लासिकल (दीर्घ वेळेच्या) आणि रॅपिड (जलद) डावांमध्ये दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरल्यावर पाच सेकंदांची वाढ मागता येते. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अगदी झटपट डावांत, ही सोय नाही.