अंथरुणाला खिळलेल्या दिवसांत इग्नू : आजारपण आणि तुटपुंज्या मिळकतीत कितपत झेपतं?

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५च्या संसदीय कायद्यानं उभं राहिलं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे त्याची प्रादेशिक केंद्रं आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ते कसं वाटतं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. इथे हिशेब मांडलाय तो वेगळ्या विद्यार्थ्यासाठी : ज्याचं शरीर महिन्यातले काही दिवस साथच देत नाही आणि ज्याला पाचशे रुपये खर्चतानाही दोनदा विचार करावा लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनांनी मधेच आडवी पडणारी गडचिरोलीकडची मुलगी, आमवातानं बोटं आखडलेली गृहिणी. निकाल आधीच सांगून टाकतो : मुदतीच्या बाबतीत इग्नूला तोड नाही, पैशाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी आहे आणि हातानं लिहिण्याच्या बाबतीत मात्र जाचक आहे.

मुदतीपासून सुरुवात करू, कारण खरी कमाई तिथेच आहे. तीन वर्षांच्या सर्वसाधारण बीएच्या जुन्या आराखड्यात १३२ श्रेयांक धरले होते आणि एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे एकूण ३,९६० तास. तीन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २५ तास पडतात, आणि ते धडधाकट माणसालाही जड जातं. पण पदवी पूर्ण करायला कमाल सहा वर्षं मिळतात. सहा वर्षांत पसरलं की आठवड्याला तेरा तासांच्या आत येतं. दोन वाईट आठवडे गेले तरी पुढच्या काही आठवड्यांत थोडं थोडं भरून काढता येईल असा हा आकडा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पुढच्या वर्षाची नोंदणी करायला मागचं वर्ष पास असावं लागत नाही. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. ज्या पेपरांची तयारी आहे तेवढ्यांचाच फॉर्म भरायचा. परीक्षेच्या दिवशी ताप चढला तर मेडिकल सर्टिफिकेट घेऊन कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. त्या पेपरची फी बुडते, पेपर पुढच्या सत्रात द्यायचा. वर्षाची नोंदणीही लागोपाठच्याच वर्षी केली पाहिजे असं नाही. पहिलं वर्ष आता, दुसरं एक वर्ष थांबून, असं केलं तर फीसुद्धा आपोआप हप्त्यांत विभागली जाते. मात्र कमाल मुदत प्रवेशाच्या दिवसापासून धावते, थांबलेल्या वर्षातही धावते. म्हणून तिसऱ्या वर्षाची नोंदणी पाचव्या वर्षाच्या पुढे ढकलू नये. शेवटच्या वर्षी राहिलेले पेपर सोडवायला सवड हवी.

आता पैसा. माहितीपुस्तिकेत दिसते ती वार्षिक फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. परीक्षेचं शुल्क वेगळं असतं, अलीकडच्या सत्रांत एका लेखी पेपरला २०० रुपये. बीएच्या पहिल्या वर्षाच्या आठ पेपरांचे १,६०० रुपये होतात, आणि ते ऐन वेळी उभे करावे लागतात. त्यात असाइनमेंटचे कागद, पोस्ट आणि परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास धरा. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ठरावीक अभ्यासक्रमांत, एका वेळी एकाच अभ्यासक्रमासाठी, फीमाफी मिळते. त्यासाठी प्रवेशाच्या वेळीच तो पर्याय निवडावा लागतो.

छापील पुस्तकं नको, पीडीएफ चालेल असं सांगितलं की फीत १५ टक्के सूट मिळते. मोहात पडण्याआधी गणित करावं. दर हजार रुपयांमागे वाचतात १५० रुपये. झेरॉक्सवाल्याकडे पानाला रुपया धरला तर दीडशे पानांतच ती बचत संपते, आणि एकेका विषयाचं पुस्तक याहून जाड असतं. औषधांमुळे डोळे चुरचुरत असतील, मोबाइल घरात एकच असेल, तर छापील पुस्तकंच घ्यावीत. तीच पुस्तकं ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याचा खरा उपयोग प्रवेशाआधी आहे : हव्या त्या विषयाचा एक घटक उतरवून वाचावा, आणि तो एका बैठकीत डोक्यात शिरतो का हे पाहूनच फी भरावी.

प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतो, सगळा ऑनलाइन. अडकायला होतं ते फॉर्मच्या आधीच. २०२४पासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डेब आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढावा लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतो. दोन्हींच्या मुळाशी आधार आहे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असेल तर ओटीपीच येत नाही. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव जुळत नसेल तर पुढे कटकट होते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची गाडी इथे हमखास अडते. त्यामुळे आधारची दुरुस्ती प्रवेश सुरू व्हायच्या महिनाभर आधी उरकावी. फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, कागदपत्रं २०० केबीच्या आत लागतात. सायबर कॅफेत फॉर्म भरून घेतलात तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की सहा वर्षांची सगळी पत्रं त्याच्याकडे जातात.

इथून पुढे इग्नूचे गुण कापावे लागतात. प्रत्येक विषयाची असाइनमेंट लिहून द्यावी लागते, तिचं वजन ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेचं ७०. पदवीला दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ३५ हवेत. असाइनमेंटमध्ये ८० मिळाले म्हणून परीक्षेतले ३० चालत नाहीत. आणि ती हातानं लिहायची. सहा श्रेयांकांच्या विषयाची ठरलेली रचना अशी : ५०० शब्दांची दोन उत्तरं २० गुणांची, २५० शब्दांची तीन उत्तरं १० गुणांची, १०० शब्दांची पाच उत्तरं ६ गुणांची. एकूण २,२५० शब्द. वर्षात असे सहा विषय धरले तर साडेतेरा हजार शब्द, तेही बोटं सुजलेल्या माणसाकडून. आमवात किंवा न्यूरोपथी, म्हणजे नसांचा विकार, असलेल्यांसाठी ही सेवेतली सर्वात कच्ची जागा आहे.

निभावायचं कसं? लहान उत्तरांना शब्दामागे गुण जास्त आहेत. आधी पाच लहान आणि तीन मध्यम उत्तरं पूर्ण केली तर १,२५० शब्दांत ६० गुणांचं काम झालेलं असतं. मोठी दोन शेवटी लिहावीत. तब्येत ढासळली आणि मुदत गाठायची असेल तर आहे तेवढंही जमा करता येतं. त्या ६० पैकी ३५ मिळाले की असाइनमेंट सुटली. तोटा असा, की एकदा पास झालेली असाइनमेंट गुण वाढवायला पुन्हा देता येत नाही. नापास झाली तर नव्या सत्राचे प्रश्न घेऊन सगळी नव्यानं लिहावी लागते. पास झालेले गुण मात्र कमाल मुदत संपेपर्यंत टिकतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे भलत्याच सत्राचे प्रश्न उतरवणं. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर सत्र आणि वर्ष छापलेलं असतं, ते आधी पाहावं. बाजारात तयार असाइनमेंट विकत मिळतात. शब्दशः उतरवलेली असाइनमेंट नाकारली जाऊ शकते आणि परीक्षेत तीच उत्तरं आठवतही नाहीत, सबब पैसे दोन्हीकडून वाया. लिहिलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा आणि जमा केल्याची पावती जपा. ग्रेड कार्डावर गुण चढले नाहीत तर त्या पावतीशिवाय काहीच सिद्ध करता येत नाही. काही प्रादेशिक केंद्रं स्कॅन केलेली प्रत ऑनलाइन घेतात, तेव्हा स्टडी सेंटरचा हेलपाटा घालण्याआधी केंद्राचं संकेतस्थळ पाहावं.

परीक्षेचं वेळापत्रक आधी कच्चं जाहीर होतं. डायलिसिसचे वार त्याच्याशेजारी ठेवूनच पेपर निवडावेत. सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत पेपर असतात. एकाच दिवशी दोन आले तर एक पुढच्या सत्रासाठी सोडून द्यावा, त्यात नामुष्की नाही. इन्सुलिन, ग्लुकोज, पाण्याची बाटली जवळ ठेवायची असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्राधीक्षकांना आधीच अर्ज द्यावा. ऐन वेळी दारावर वाद घालून साखर वाढवू नये.

लेखनिकाची, म्हणजे आपण सांगू ते उत्तर लिहून देणाऱ्या माणसाची, सोय आहे आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या यादीत २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनही येतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना नियमांप्रमाणे लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आहे पण लिहिताच येत नाही, अशांसाठी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार खटल्यात वाट मोकळी केली आणि ऑगस्ट २०२२मध्ये केंद्रानं वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. नुसता खासगी डॉक्टरचा कागद चालत नाही. सिव्हिल हॉस्पिटलची तपासणी आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांना वेळ लागतो, म्हणून हे काम प्रवेशाच्या वेळीच सुरू करावं, हॉल तिकीट हातात आल्यावर नव्हे. क्षयरोग, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा आजार मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. आजारातून हातापायांत किंवा दृष्टीत कायमचं वैगुण्य आलं असेल तरच त्या मार्गानं जाता येतं.

काय घेऊ नये हेही सांगायला हवं. बीएड, समाजकार्य आणि प्रयोगशाळा असलेले विज्ञानाचे विषय यांत कार्यशाळा, क्षेत्रकार्य किंवा प्रात्यक्षिकांची हजेरी लागते आणि तिथे मुदतीची लवचीकता फारशी कामाला येत नाही. पहिल्यांदाच शिकायला बसणाऱ्यानं थेट पदवीत उडी घेण्यापेक्षा सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घ्यावं, उदाहरणार्थ अन्न आणि पोषण. साधारण १६ श्रेयांक असतात आणि पूर्ण करायला दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते. असाइनमेंटचा भार हाताला झेपतो का, केंद्रापर्यंतचा प्रवास अंगावर येतो का, हे कमी पैशात कळतं.

भाषेचा प्रश्न उरतो. इग्नूची बहुतेक पुस्तकं इंग्रजी आणि हिंदीत आहेत. मराठी माध्यमातून बारावी झालेल्याला हिंदी वाचता येते, पण थकलेल्या डोक्यानं अर्थशास्त्र हिंदीतून पचवणं वेगळं. अशांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९, जास्त सोयीचं : पुस्तकं मराठीत आणि अभ्यासकेंद्रं गावोगावच्या महाविद्यालयांत, त्यामुळे एसटीचा खर्च वाचतो. मात्र तिथे प्रवेश साधारणपणे वर्षातून एकदाच असतो. पावसाळ्यात दवाखान्यात गेलात तर वर्ष गेलं. यूजीसीच्या २०२०च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे दोहोंतली निवड भाषा, अंतर आणि मुदत पाहूनच करावी. दहावी-बारावीच राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस : पाच वर्षांची नोंदणी, परीक्षेच्या नऊ संधी.