निराधारचे पंधराशे आणि माझा अंगठा: चौदा महिन्यांनंतर

योजना काय ते सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी येते त्यांना ठाऊक आहे. संजय गांधी निराधार, म्हणजे आधार नसलेल्यांना सरकारकडून महिन्याला १,५०० रुपये. शिवाय रेशनच्या प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य फुकट. मी आणि दोन पोरं, म्हणजे १५ किलो. नागपुरात इंदोऱ्याला भाड्याची खोली. चौदा महिन्यांत पैसे दोनदा रखडले, पण बुडाले नाहीत.

माझं भांडण अंगठ्याशी आहे. दोन घरची भांडी घासून बोटाच्या रेषाच गेल्या. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की नापास. पदराला पुसला, नापास. खोबरेल लावलं, तरी तेच. मागची बाई म्हणते, "लिंबू चोळून पाहा न ताई." दुकानदार म्हणतो, "उद्या या." उद्या म्हणजे एका घरी खाडा. दिवाळीच्या महिन्यात चार चकरा झाल्या, तेव्हाच हा अभिप्राय लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

मग दुकानात डोळा दाखवायचं मशीन आलं. वाकून पाहिलं न पाहिलं तोच पावती बाहेर! इतकी गडबडले की पिशवी उघडायची राहिली. त्यामुळे रेशनवरचा राग मागे घेते. पैसे काढायच्या केंद्रावर मात्र अजून अंगठाच लागतो, तिथला राग कायम.

माझी आजी अंगठेबहाद्दर होती. मी मुक्त विद्यापीठात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी पैशासाठी अंगठाच पुढे करते. परीक्षेच्या हॉलमध्ये तेवढी सही चालली. रोज कॉलेजात जायचं नसतं म्हणून हे जमतं. पहिल्या वर्षाची फी निराधारच्याच पैशातून साठवली.

आता अट. वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरचे आठशे-आठशे धरून माझे १९,२०० होतात. तिसरं घर धरलं की योजनेतून बाहेर, आणि तेवढ्यानं घरभाडंही निघत नाही. "कोण पाहते तुमचे हिशेब?" असं शेजारीण म्हणते. पाहत नसतीलही, पण कागदावर सही माझी असते.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी परवा पुन्हा विचारलं, आमचं काम धरतेस का. म्हटलं, परीक्षा होऊ द्या.